परदेशात न जाता परदेशी माणसांबरोबर काम करायला मुलांना शिकवता येतं का?

अबोली_कर्वेनगर | १२ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ६२ मुलं आहेत. निम्म्याहून जास्त बाहेरगावची: बार्शी, परळी, नंदुरबार, चिपळूण. पासपोर्ट कोणाकोणाकडे आहे असं विचारलं तर चार हात वर आले. एक सत्र परदेशात शिकून यायचं म्हटलं तर त्यातल्या बहुतेकांच्या घरी ते शब्दसुद्धा निघणार नाहीत. पण हीच मुलं दोन वर्षांनी खराडीत नाहीतर हिंजवडीत बसून म्युनिक किंवा ओसाकाच्या माणसांशी रोज बोलणार आहेत. आंतरसांस्कृतिक क्षमता असं जड नाव असलेली ही गोष्ट त्यांना इथे बसून कशी मिळेल, हा माझा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी एक प्रयत्न केला. ओळखीतून जर्मनीतल्या एका शिक्षिकेशी जुळलं, चार ऑनलाइन भेटी ठरल्या. पहिल्या भेटीत दोन्हीकडून स्लाइड झाल्या. आमच्याकडून ताजमहाल, योग, दिवाळी. त्यांच्याकडून किल्ले, फुटबॉल, पाव. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या भेटीत एका जर्मन मुलीने विचारलं, "आईवडिलांना न विचारता तुम्ही कोणते निर्णय घेता?" पडद्यावर एकेक कॅमेरा बंद होत गेला. मग एकाने माइक सुरू केला, "आम्ही आईवडिलांचा आदर करतो" एवढंच म्हणाला आणि माइक बंद केला. त्या मुलीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आमच्या मुलांना वाटलं तिने आपल्याला कमी लेखलं. दोन्ही बाजू तशाच उठल्या.

तिसरी भेट मार्चअखेर होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात हे मला माहीत नव्हतं. साडेचार तासांचा फरक साडेतीन झाला. आम्ही नेहमीसारखे दोनला बसलो, ते आमच्या एक वाजता येऊन वाट बघून गेले होते. चौथी भेट झालीच नाही.

यंदा पुन्हा करायचंय. कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दक्खनची_राणी | १२ जून, रात्री १०:५२

फार चांगला विषय. वाचतेय.

नदीकाठ | १३ जून, सकाळी ७:३०

अबोली ताई, तुमची तळमळ कळते, पण मला यात प्राधान्यक्रम चुकल्यासारखा वाटतो. या मुलांना आधी धड इंग्रजी आणि एक्सेल येऊ दे. कामात हुशार असलेल्या पोराला परदेशी साहेब आपोआप सांभाळून घेतो. माझा पुतण्या लातूरहून आला, आज स्टुटगार्टच्या कंपनीचं काम बघतो. त्याला कुणी संस्कृती शिकवली नव्हती.

हिंजवडी_फेज३ | १३ जून, सकाळी ९:१०

नदीकाठ, मला इंग्रजीही येत होतं आणि कामही येत होतं. तरी पहिल्या वर्षी नोकरी सोडायची वेळ आली होती, म्हणून लिहितो.

मी तीन आठवडे खपून एक आराखडा पाठवला. जर्मन सहकाऱ्याचं उत्तर आलं: वर "नमस्कार", मग १४ चुका क्रमांक घालून, खाली नाव. कौतुकाचा एक शब्द नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. मी पुढचे दोन महिने त्या माणसाशी कामापुरतंच बोललो, शंका विचारणं बंद केलं आणि त्यामुळे खरोखरच चुका वाढल्या. वर्षअखेरीस एका कॉलवर तो सहज म्हणाला की तुझा आराखडा वाचायला मी अख्खा दिवस दिला, कारण तो वाचण्याजोगा होता. त्याच्या लेखी त्या १४ ओळी म्हणजेच शाबासकी होती.

ही गोष्ट मला कॉलेजात कुणी सांगायला हवी होती.

शब्दवेल्हाळ | १३ जून, दुपारी १:४०

मी जपानी दुभाषी आहे, चाकणच्या कारखान्यांमधून ११ वर्षं काम करतेय. हिंजवडी_फेज३ यांचा अनुभव पटला, पण त्यातून "जर्मन असे असतात, जपानी तसे असतात" अशी यादी करून मुलांच्या हातात देऊ नका, ही विनंती. यादी पाठ करून आलेला मुलगा समोरच्या माणसाकडे बघतच नाही. जपानी माणूस भेटला की कमरेत वाकतो, आणि तो माणूस हात पुढे करून उभा असतो.

एक प्रसंग सांगते. दरांची बोलणी चालली होती. जपानी साहेब शेवटी म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे "विचार करतो". मी शब्दशः तेच मराठीत सांगितलं. आपली माणसं खूश झाली, दुसऱ्या दिवसापासून नमुने बनवायला घेतले. तीन आठवड्यांनी विचारणा केली तर पलीकडे सगळे अवघडलेले. त्यांच्या दृष्टीने त्यांनी त्याच दिवशी सभ्यपणे नकार दिला होता. आपल्याकडचे साहेब चिडले, "मग सरळ नाही म्हणायला काय झालं होतं?"

मी त्यांना विचारलं, "मेव्हण्याने पाच लाख उसने मागितले आणि तुम्ही 'बघतो' म्हणालात, तर तुमच्या मनात काय असतं?" खोलीत सगळे हसले आणि कोडं सुटलं. 'बघतो' आपण रोज वापरतो. ते आपण कुणाला, कधी, कशासाठी म्हणतो हे ज्याने नीट न्याहाळलंय, त्याला 'केन्तो शिमास' शिकवावं लागत नाही. म्हणून माझ्या मते सुरुवात मराठीपासून करा. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतला शब्द आपण कसा निवडतो हे मुलांनी उलगडून सांगितलं की जर्मनमधलं 'दू' आणि 'झी' त्यांना दहा मिनिटांत समजतं.

प्राजक्त_सर | १३ जून, रात्री ८:२०

शब्दवेल्हाळ यांना पूर्ण अनुमोदन. मी अध्यापनशास्त्र शिकवतो, थोडी पार्श्वभूमी देतो.

परदेशी न जाता हे करायचं, ही कल्पना स्वीडनमधल्या माल्मो शहरातून आली. तिथलं विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. नवीन असल्यामुळे परदेशी विद्यापीठांशी करारमदार नव्हते, मुलांना पाठवायचं कुठे हा प्रश्न होता. पण शहरात मात्र जगभरातून आलेली कुटुंबं राहत होती. तिथल्या बेंग्ट निल्सन यांनी म्हटलं, जग इथेच आहे तर अभ्यासक्रम शहराला जोडू. 'घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण' हा शब्द तिथून रूढ झाला, आणि आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला आहे. ऑनलाइन जोडवर्गांची पद्धत अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने रुजवली, त्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र केंद्रच काढलं. त्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळतात: दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एक काम पुरं करायचं. नुसत्या ओळखीच्या गप्पा चालत नाहीत. अबोली ताई, तुमच्या चार भेटींमध्ये हेच नव्हतं.

दुसरं. अमेरिकन अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये माणूस परक्या संस्कृतीकडे कसकसा बघत जातो याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिलीवर फरक दिसतच नाही. दुसरीवर फरक दिसतो आणि आपलंच खरं वाटतं. तिसरी पायरी आपल्या फार आवडीची: "शेवटी माणूस इथूनतिथून सारखाच." बेनेट म्हणतात, इथे माणूस अडकून पडतो, कारण त्याला वाटतं आपण पोहोचलो.

नदीकाठ | १३ जून, रात्री ९:०५

सर, हे मात्र पटत नाही. माणूस इथूनतिथून एकच, हे आपल्या संतांनी सांगितलं. त्याला तुम्ही अडकणं म्हणता?

प्राजक्त_सर | १३ जून, रात्री ९:४०

संतांनी सांगितलं ते माणसाच्या मोलाबद्दल, आणि त्यात तसूभरही बदल करायचा नाही. बेनेट यांची तिसरी पायरी वेगळी आहे. तिथे मी गृहीत धरतो की मला जे सुखाचं तेच समोरच्यालाही सुखाचं, म्हणून मी त्याला विचारतच नाही.

मेतकूट | १४ जून, सकाळी ११:१५

'विचारत नाही' वरून एक जुनी रुखरुख लिहिते.

आम्ही नळ स्टॉपजवळ राहतो. १५ वर्षांपूर्वी वरची खोली एका इराणी मुलाला दिली होती. पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करत होता. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सामान घेऊन आला, प्रवासाने दमलेला. मी विचारलं, "जेवणार का?" तो म्हणाला, "नको, धन्यवाद." मी बरं म्हटलं आणि झाकपाक केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी वर पाणी आलं का बघायला गेले तर टेबलावर ग्लुकोज बिस्किटांचे चार रिकामे पुडे आणि एक अर्धवट, रबर लावून ठेवलेला. पाऊस कोसळत होता, कुठे काय मिळतं हे त्याला माहीत नव्हतं.

पुढे रुळल्यावर त्याने सांगितलं. त्यांच्याकडे तआरोफ म्हणतात. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही, आणि यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह केला की मग बसायचं. लगेच हो म्हणणं हावरटपणाचं. तो वर माझ्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होता आणि मी समजत होते की मुलाला एकटं राहायला आवडतं, उगीच त्रास देऊ नये. माझं माहेर सांगलीचं. तिकडे आग्रह करकरून ताटात वाढतात. ते सगळं मला येत होतं हो, पण पुण्यात राहून "विचारलं, नको म्हणाला, संपलं" याची सवय झाली होती. त्या मुलाच्या आईला हे कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं, हा विचार अजून येतो.

दक्खनची_राणी | १४ जून, सकाळी ११:४०

मेतकूट ताई, ते रबर लावलेलं पाकीट डोळ्यांसमोरून जात नाहीये.

शब्दवेल्हाळ | १४ जून, दुपारी १२:१०

थोडं अवांतर: त्याला मराठी लवकर आली असेल ना? फारसी शब्द किती!

मेतकूट | १४ जून, दुपारी १२:३०

सहा महिन्यांत! दरवाजा, हप्ता, जमीन, शहर, सगळं ओळखीचं. त्यांचा नवरोज २० किंवा २१ मार्चला, आपल्या पाडव्याच्या आगेमागे. 'स' ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात, हफ्त-सीन. ते हफ्त आणि आपला हप्ता एकच म्हटल्यावर आमचे हे तर शब्दकोश घेऊनच बसले. पेशवा हा शब्दही फारसी आहे, 'पुढारी' या अर्थाचा. पेशवे पार्कची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा तो रस्त्यातच थांबला होता. पुढची दोन वर्षं नवरोज आमच्या दिवाणखान्यात झाला, आणि मी प्रत्येक गोष्ट त्याला तीनदा विचारली.

हडपसरकर | १४ जून, रात्री १०:०५

मेतकूट ताईंनी खोली दिली हेच फार मोठं आहे. माझ्याबरोबर एम.बी.ए.ला एक टांझानियाचा मुलगा होता. त्याच्यासाठी खोली शोधायला मी फोन लावायचो, मराठीत. "हो हो, या, बघून जा." त्याला घेऊन दारात उभे राहिलो की "अहो, आत्ताच दिली." नऊ घरं झाली. दहाव्या ठिकाणी मालक तयार होते तर सोसायटीची खास सभा भरली. त्या सभेत त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहिणार नाही. तो बाहेर जिन्यात बसला होता आणि त्याला मराठी येत नसली तरी सूर कळत होता.

शेवटी एका निवृत्त मास्तरांनी खोली दिली. रोज सकाळी आठला त्याला चहाला बोलवायचे. एकदा आईशी फोनवर बोलताना तो 'सा म्बिली' म्हणाला, म्हणजे 'दोन वाजले'. घड्याळात आठ. मास्तरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. मास्तर खुलले. "अरे, आपले प्रहरही असेच!" दुकानाला तिकडे 'दुका', विम्याला 'बिमा' आणि चपातीला चपातीच.

पुण्याला शिक्षणाचं माहेरघर म्हणतात. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, नेपाळ, आफ्रिकेतले कितीतरी देश, सगळीकडची मुलं इथे शिकून गेली. तीन वर्षं राहून एकाही मराठी घराचा उंबरा न ओलांडता गेलेले मला माहीत आहेत. आधी हे बघा, मग ओसाका.

कॅम्पातला | १५ जून, सकाळी ८:००

हडपसरकर +१.

अबोली ताई, मुलांना एक दिवस कॅम्पात आणा. लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आत जायला आधी परवानगी लागते, ओळखपत्रं लागतात, तेवढी तयारी ठेवा. तिथून रास्ता पेठेतलं बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी ज्यूंचं सिनेगॉग. ही माणसं पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात, त्यांच्यात मराठीतून कीर्तनं झाली, नवसाला आणि शुभकार्याला मलिदा करतात. ज्यू म्हटल्यावर मुलांच्या मनात जे चित्र येतं आणि समोर पोहे देत मराठीत बोलणाऱ्या आजी दिसतात, त्या दोन्हींच्या मधल्या जागेत बरंच शिक्षण होतं. फक्त एक: सहल म्हणून आणू नका. फोटो काढून परत, असं झालं तर त्या आजींनाही प्रदर्शनात मांडल्यासारखं वाटतं. दोन-तीनच मुलं, आधी वेळ ठरवून, आणि आजींनीही त्यांना प्रश्न विचारायचे.

सातपुडा | १५ जून, रात्री ११:२०

बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहावंसं वाटलं.

मी नंदुरबारमधल्या धडगाव तालुक्यातला. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतो. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी अकरावीत धडपणे ऐकलं. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्या आठवड्यात मी एक वाक्य बोललो आणि टेबलावरचे सगळे हसले. काय चुकलं हे मला अजून माहीत नाही. त्यानंतर पहिलं सत्र मी मेसमध्ये मान खाली घालून जेवलो. कुणी मला विचारलं नाही की तुमच्याकडे याला काय म्हणतात, लग्न कसं ठरतं, होळी किती दिवस असते. वर्गात 'आदिवासी संस्कृती' वर एका मुलीने स्लाइड केल्या, छान होत्या, फोटोत कमरेला मोठे घुंगरू बांधलेला माणूस होता. मी दुसऱ्या बाकावर बसलेलो होतो.

पुढे मी बंगळुरूला कोरियन कंपनीत लागलो. तिथे माझे शहरातले सहकारी गडबडून जायचे आणि मी नाही. नवीन ठिकाणी आधी गप्प बसून बघायचं, कोण कुणाआधी बोलतो, कोण कधी उठतो, हे मी १७ व्या वर्षापासून करत होतो. पुण्यात मी परदेशातच होतो.

ताई, तुमच्या वर्गात नंदुरबारची मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्यांना आधी विचारा.

अबोली_कर्वेनगर | १६ जून, सकाळी ६:५०

सातपुडा, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. वर्गातल्या नंदुरबारच्या एका मुलाचं नाव मला माहीत आहे, तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो आणि वर्षभरात माझ्याशी दोनदा बोललाय. विचारेन.

नदीकाठ | १६ जून, सकाळी ९:३०

माझं मत बदलतंय हे मोकळेपणाने मान्य करतो. पण व्यवहाराचा प्रश्न राहतोच: याला गुण कसे देणार? परीक्षेत नसेल तर मुलं करणार नाहीत, आणि परीक्षेत घातलं तर पाठ करतील.

प्राजक्त_सर | १६ जून, रात्री ९:१५

मी तीन रकान्यांची वही ठेवायला लावतो. पहिल्यात 'काय दिसलं', दुसऱ्यात 'मला काय वाटलं', तिसऱ्यात 'आणखी काय असू शकेल'. "तो उद्धट आहे" हे पहिल्या रकान्यात चालत नाही. तिथे "माझं बोलणं संपायच्या आत तो बोलला" असं लिहावं लागतं. पहिला महिना मुलांना पहिला रकाना जमतच नाही, सगळा निवाडाच असतो. गुण मी तिसऱ्या रकान्याला देतो, तो पाठ करता येत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानापासून सुरुवात केली तरी चालते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं आहे. तासभर फोन न काढता बसायचं आणि वही लिहायची: ही बाग आपल्या बागेपेक्षा वेगळी आहे असं कशावरून वाटलं? पाण्यामुळे, मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे, की तिथे आलेली माणसं हळू बोलतात म्हणून?

शब्दवेल्हाळ | १७ जून, दुपारी २:००

ताई, क्यूशूमधल्या एका कॉलेजच्या शिक्षिका माझ्या ओळखीच्या आहेत, हवं तर जोडून देते. वेळेचं सोपं आहे: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आणि त्यांच्याकडे घड्याळं मागेपुढे करत नाहीत. त्यांचं दुसरं सत्र सप्टेंबरअखेर सुरू होतं. दिवाळीची सुट्टी मधे येणार हे त्यांना पहिल्या पत्रातच कळवा.

अबोली_कर्वेनगर | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. सहा महिन्यांनी लिहितेय त्याबद्दल माफी, पण आधी करून बघायचं होतं.

जुलैत वर्गातच सुरुवात केली. वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या तिघातिघांचे गट, आणि काम एवढंच की घरी पाहुणा आल्यापासून जाईपर्यंत काय काय होतं ते लिहायचं. चिपळूण आणि परळीची मुलं एकाच भाषेत लिहून इतकी वेगळी निघाली की वर्ग दोन तास हलला नाही. वह्या तेव्हापासून चालू आहेत. कॅम्पातला यांच्या सांगण्याप्रमाणे दोन-दोन, तीन-तीन मुलंच भेटींना गेली. सगळ्यांचं झालेलं नाही.

ऑक्टोबरपासून जपानबरोबर सहा आठवडे, आपल्या दुपारी दोनला, त्यांच्या साडेपाचला. यावेळी स्लाइड नाहीत. तीन इकडचे, तीन तिकडचे. आठवडाभराच्या खाण्यापिण्याच्या खऱ्या पावत्या जमवायच्या आणि दोन्ही शहरांत विद्यार्थ्याचं पोट कशावर चालतं याचा एक पानाचा ताळेबंद मिळून करायचा. वाणिज्यची मुलं, त्यांना हे हातचं काम. मेसचा महिन्याचा पास पावतीत कसा दाखवायचा यावर पहिलं भांडण झालं.

दुसऱ्या आठवड्यात एका गटात जपानी मुलीने विचारलं, तक्ता कधी येईल? आमचा मुलगा म्हणाला, "होईल, होईल." तिने वहीत लिहून घेतलं. शुक्रवारी तक्ता नव्हता. ती काही बोलली नाही, पण पुढच्या भेटीत गटाला एक प्रश्न पाठवला: "होईल म्हणजे कोणत्या दिवशी?" गेल्या वर्षी इथेच कॅमेरे बंद झाले असते. यावेळी त्या मुलांनी वहीचा तिसरा रकाना काढला आणि तिच्याबरोबर बसून यादी केली: 'करतो', 'होईल', 'बघू', 'बघतो', आणि प्रत्येकापुढे खरा अर्थ. तिने समोर आपले शब्द लिहिले. तो कागद आता वर्गाच्या भिंतीवर आहे. ताळेबंद चार दिवस उशिरा झाला, पण झाला.

सगळं जमलं असं नाही. दोन गट तुटले. एका गटात आमचीच मुलं इतकं बोलत होती की जपानी मुलांना तोंड उघडायला जागा मिळाली नाही. त्यांची शांतता म्हणजे विचार चालू आहे, हे ओळखायला आम्हाला फार वेळ लागला. वहीत एका मुलीने लिहिलंय, "मी मोजलं. मी प्रश्न विचारल्यावर दोन सेकंद थांबते आणि मग स्वतःच उत्तर देते."

आणि सातपुडा, तुमच्यासाठी. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला त्याच्या गटातल्या जपानी मुलाने विचारलं, तू घरी कोणती भाषा बोलतोस? त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते दोघं पावरीतले २० शब्द जपानी लिपीत लिहून बसले होते, आणि गटातली पुण्याची मुलगी तेच शब्द देवनागरीत उतरवून घेत होती, "परत म्हण ना" असं म्हणत.

पुढची तुकडी जुलैत सुरू होते. तुम्ही एखाद्या दिवशी वर्गावर याल का? भाडं कॉलेज देईल, मी बोलून घेतलंय.

सातपुडा | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

येतो. जुलैत पेरणीसाठी गावाला जायचं असतं, त्याला जोडून दोन दिवस आधी पुण्यात उतरतो. तारीख एप्रिलपर्यंत कळवा, म्हणजे रजा टाकता येईल.

मेतकूट | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

सातपुडा, वरची खोली सध्या रिकामी आहे. नळ स्टॉपजवळच. उतरायला आणि जेवायला आमच्याकडेच या.